अल-जझरी : हत्तीच्या पोटात घड्याळ बसवणारे उस्ताद

दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये एक भलामोठा हत्ती उभा आहे. त्याच्या पाठीवर अंबारी, अंबारीत माणसं, वर पक्षी, मधे वेटोळे घातलेले दोन साप. रत्नागिरी-रायगडकडची आपली कितीतरी माणसं आखातात नोकरीला आहेत. मॉलमध्ये गेलं की या हत्तीसमोर उभं राहून फोटो काढला जातो आणि तो गावाकडच्या ग्रुपवर येतो. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. पण ते घड्याळ आहे आणि त्याचा मूळ आराखडा आठशे वर्षांहून जुना आहे. तो ज्यांनी आखला त्यांचं नाव बदीउज्जमान अबुल-इज्ज इब्न इस्माईल इब्न रज्जाज अल-जझरी.

या नावाचे मेसेज आपल्याकडे अधूनमधून फिरत असतात. जगातला पहिला रोबोट मुसलमानाने बनवला, एवढं लिहून खाली त्या हत्तीचं चित्र. वाचून छाती फुगते, मेसेज पुढे जातो आणि विषय संपतो. आम्हाला हे काही पटत नाही. एक तर हा दावा तसाच्या तसा खरा नाही. पाण्याच्या आणि वजनाच्या जोरावर हलणाऱ्या बाहुल्या अल-जझरींच्या हजारएक वर्षं आधी इजिप्तमधल्या इस्कंदरिया शहरात हेरॉनने केल्या होत्या. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी अशा करामती यंत्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. खुद्द अल-जझरींनी या जुन्या लोकांची नावं घेतलेली आहेत, काहींना दुआसुद्धा दिली आहे. दुसरं असं, की पहिले कोण या भांडणात त्या माणसाने खरोखर काय केलं, हेच झाकलं जातं.

अल-जझरी हे दरबारी विद्वान कमी आणि कारागीर जास्त होते. आजच्या भाषेत मिस्त्री. तांबं ठोकणारे, पितळ ओतणारे, लाकूड जोडणारे, चाकाचा तोल बघणारे. आणि या मिस्त्रीने आपलं काम कागदावर अशा रीतीने उतरवलं, की दुसऱ्या मिस्त्रीला ते करता यावं.

दजलाकाठचा दरबार

त्यांच्याविषयी जे कळतं ते जवळजवळ सगळं त्यांच्याच पुस्तकातून कळतं. जझरी म्हणजे जझिऱ्याचे. दजला आणि फुरात या दोन नद्यांमधल्या वरच्या प्रदेशाला अरबीत अल-जझीरा म्हणत. आज तो भाग तुर्कस्तान, सीरिया आणि इराकमध्ये वाटला गेला आहे. रज्जाज या शब्दाचा अर्थ तांदळाचा व्यापारी. म्हणजे घराण्यात कुणीतरी तांदूळ विकत असावं. बदीउज्जमान ही पदवी, काळातला अद्भुत माणूस अशा अर्थाची.

त्या भागात तेव्हा अर्तुकी घराण्याची सत्ता होती. राज्य लहान आणि शेजारी बलाढ्य. अल-जझरी हिजरी ५७० च्या, म्हणजे इ.स. ११७४ च्या सुमारास या घराण्याच्या सेवेत आले आणि मग तिथेच राहिले. आधी वडील नूरुद्दीन मुहम्मद, मग त्यांचा मुलगा कुत्बुद्दीन सुकमान, मग दुसरा मुलगा नासिरुद्दीन महमूद, असे तीन मालक त्यांनी पाहिले. सुरुवातीला घराण्याचं ठाणं हिस्न कैफा इथे होतं, दजलाच्या काठी, कड्यावर. (हे गाव अलीकडे हसनकैफ नावाने ओळखलं जायचं. इलिसू धरणाच्या पाण्यात २०२० मध्ये जुनं गाव बुडालं.) ११८३ मध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी आमिद हे तटबंदीचं मोठं शहर जिंकलं आणि नूरुद्दीनच्या हवाली केलं. आमिद म्हणजे आजचं दियारबकर. अल-जझरींच्या हातचं सगळ्यात भव्य काम, राजवाड्याचा पितळी दरवाजा, याच शहरासाठी झालं.

काळ कसा होता ते लक्षात घ्या. चारच वर्षांनी, ११८७ मध्ये, सलाहुद्दीन यांनी बैतुल मुकद्दस परत घेतलं. फौजा येत होत्या, जात होत्या. त्या सगळ्या धामधुमीत हा माणूस भट्टीपाशी बसून साच्यात पितळ ओतत होता आणि भोकातून तासाला किती पाणी पडतं ते मोजत होता. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना पानंच्या पानं मिळतात. अशा माणसाच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही आली तर.

पंचवीस वर्षं काम झाल्यावर नासिरुद्दीन महमूद यांनी त्यांना पुस्तक लिहायला सांगितलं. बनवलेल्या वस्तू मोडतील, हरवतील, मग या मेहनतीचं काय राहील, अशी त्यामागची काळजी. अल-जझरींनी आधी जरा आढेवेढे घेतले, मग लिहायला बसले. ग्रंथ १२०६ मध्ये पूर्ण झाला. त्याचं एक नाव फार बोलकं आहे. अल-जामे बैनल इल्म वल अमल, अशी त्याची सुरुवात होते. इल्म आणि अमल एकत्र आणणारं, यंत्रकलेवरचं उपयोगी पुस्तक, असा साधारण अर्थ. हे दोन्ही शब्द आपल्या घराघरात बोलले जातात. वाज़मध्ये तर ते जोडीनेच येतात. अल-जझरींनी ते कारखान्याला लावले.

प्रस्तावनेतलं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जुन्या जाणत्यांनी यंत्रांची वर्णनं लिहून ठेवली, पण त्यातली पुष्कळशी त्यांनी स्वतः पूर्ण करून पाहिली नव्हती. हाताने करून पडताळलं नाही, तोवर ते ज्ञान खरं आणि खोटं यांच्या मधे लटकत राहतं. म्हणून त्यांनी स्वतः केलं, चुकलं तिथे बदललं आणि मग लिहिलं.

उस्तादांची चूक

हे नुसतं प्रस्तावनेतलं बोलणं नव्हतं. पुस्तकातलं पहिलंच यंत्र घ्या. महालाच्या दर्शनी भागासारखं दिसणारं पाणघड्याळ, सुमारे ११ फूट उंच. वर राशींचं चक्र, त्यावर सूर्य आणि चंद्र फिरतात. खाली दारांच्या ओळी. दर तासाला एक दार उघडतं, आत आकृती दिसते, दोन बाजूंचे ससाणे चोचीतून पितळी गोळी भांड्यात टाकतात आणि टण्णकन आवाज होतो. ठरावीक तासांना खाली उभे असलेले पुतळ्यांचे वाजंत्री वाजवायला लागतात. कुणी तुतारी, कुणी ढोल, कुणी झांजा.

यातली खरी अडचण बाहुल्यांची नव्हती, तासाची होती. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे १२ भाग करत आणि एका भागाला तास म्हणत. म्हणजे उन्हाळ्यातला दिवसाचा तास लांब, हिवाळ्यातला आखूड. मशिदीत लावलेला नमाजच्या वेळांचा तक्ता पाहिला की कळतं, सूर्याच्या वेळा रोज थोड्या थोड्या सरकतात. तेव्हा घड्याळालाही रोज थोडं सरकायला हवं होतं. यासाठी टाकीतून पाणी सोडणारं भोक एका तबकडीवर बसवत. तबकडी फिरवून भोक वर नेलं की वरून दाब कमी, पाणी हळू. खाली आणलं की दाब जास्त, पाणी जोरात. बारा राशींच्या खुणा तबकडीच्या कडेला असत, रोज एक अंश फिरवायचं.

ही युक्ती अल-जझरींच्या हाती जुन्या ग्रंथांतून आली होती. घड्याळाच्या त्या सगळ्या रचनेवर अर्शमीदिसचं, म्हणजे आर्किमिडीजचं नाव होतं. एवढं मोठं नाव म्हटल्यावर दुसरा कुणी असता तर मान खाली घालून तसंच करता झाला असता. अल-जझरींनी ते तयार केलं, पाणी सोडलं, मोजलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की कडेला सारख्या अंतरावर काढलेल्या खुणा चुकीच्या आहेत. भोक जितकं खाली सरकतं त्याच प्रमाणात पाण्याचा वेग वाढत नाही. मग त्यांनी पुन्हा पुन्हा पाणी सोडून, मोजून, एकेक खूण स्वतः ठरवली. पुस्तकात पुरी हकीकत आहे. आधी काय केलं, ते का फसलं, मग काय बदललं. आम्हाला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हा भाग सर्वात मोलाचा आहे, आणि त्याचं चित्र मात्र कुठल्याच मेसेजमध्ये नसतं.

बनू मूसांच्या बाबतीतही तेच. त्या भावांनी आकार बदलणारी कारंजी केली होती, कधी छत्रीसारखं पाणी तर कधी भाल्यासारखं. अल-जझरी त्यांच्यावर अल्लाहची रहमत मागतात आणि लगेच सांगतात, की त्यांच्या कारंज्यांत बदल इतका भराभर होतो की बघणाऱ्याला तो कळतच नाही. मग पाणी आलटून-पालटून भरणाऱ्या दोन टाक्या आणि कलणारी पन्हळ वापरून ते स्वतःची रचना देतात, ज्यात एक आकार बराच वेळ टिकतो. अदब राखून चूक दाखवायची, ही त्यांची पद्धत.

हत्तीच्या पोटातलं घटिकापात्र

आता त्या हत्तीकडे येऊ, कारण त्याचं आपल्या मातीशी नातं आहे.

हत्तीचं पोट म्हणजे पाण्याची टाकी. त्या पाण्यावर एक वाडगा तरंगतो आणि वाडग्याच्या तळाला बारीक भोक आहे. भोकातून पाणी आत येत राहतं, वाडगा हळूहळू जड होतो आणि बरोबर अर्ध्या तासाने बुडतो. ओळखीचं वाटलं? आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त गाठायला घंगाळात ठेवायचे ते घटिकापात्र हेच. हिंदू घरांतल्या लग्नांत ते अगदी अलीकडेपर्यंत दिसायचं. फरक इतकाच, की आपलं पात्र एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत बुडायचं. हिंदुस्थानात ही पद्धत अल-जझरींच्या कितीतरी शतकं आधीपासून चालत आलेली होती. मराठीतल्या घड्याळ या शब्दातच ती घटी दडलेली आहे.

घटिकापात्राला एक माणूस लागतो. पात्र बुडालं की त्याने घंटेवर ठोका द्यायचा, पात्र उचलायचं, रिकामं करायचं, परत ठेवायचं. अल-जझरींनी त्या माणसाचं काम यंत्राकडे दिलं.

ते असं. वाडगा पाण्यात बुडत असताना त्याला बांधलेली दोरी मधल्या लेखनिकाला हळूहळू फिरवते. लेखनिकाच्या हातातली कलम खुणांवरून सरकते आणि अर्ध्या तासातला किती वेळ गेला ते कळतं. म्हणजे मिनिटकाट्याचं काम लेखनिक करतो. वाडगा पूर्ण बुडाला की त्याच्या झटक्याने वरच्या मनोऱ्यातली एक गोळी सुटते. शिखरावरचा पक्षी गरकन फिरतो. गोळी ससाण्याच्या चोचीतून खाली पडते ती थेट सापाच्या जबड्यात. गोळीच्या वजनाने साप हळूहळू खाली झुकतो आणि झुकता झुकता त्याला बांधलेली साखळी बुडालेल्या वाडग्याला पाण्याबाहेर ओढते. वाडगा कलंडतो, रिकामा होतो. साप गोळी खालच्या भांड्यात टाकतो, तेव्हा आवाज होतो, माहूत हत्तीच्या डोक्यावर अंकुश हाणतो, ढोलावर टिपरू पडतं. साप हलका होऊन पुन्हा वर जातो, वाडगा पाण्यावर टेकतो आणि पुढचा अर्धा तास सुरू.

वर गोळ्या आहेत तोवर हे चालू राहतं. वेळ झाली हे यंत्राला कळणं, त्याप्रमाणे काही करणं आणि करून झाल्यावर स्वतःला परत पहिल्या जागी आणणं, या तीन गोष्टी त्यात एकमेकांना जोडलेल्या आहेत. रोबोटिक्स शिकवणारे प्राध्यापक अल-जझरींचं नाव का घेतात, ते यावरून समजावं.

हत्ती हिंदुस्थानचा, साप चीनच्या ड्रॅगनसारखे, पाण्याच्या युक्त्या ग्रीकांकडच्या, पगडीवाले लोक जझिऱ्यातले. एका घड्याळात इतके देश आहेत. त्यावर आमचंच म्हणून शिक्का मारायला निघालो तर खुद्द अल-जझरीच हसतील.

वजूचं पाणी आणि दरबाराची मौज

पुस्तकात एकूण ५० यंत्रं आहेत, सहा भागांत. घड्याळं, मेजवानीची भांडी, वजूची आणि फस्द खोलण्याची भांडी, कारंजी, पाणी उपसायची यंत्रं, आणि शेवटी कुलूप-दरवाजा वगैरे किरकोळ. किरकोळ हा शब्द आमचा, त्यातला दरवाजा काही किरकोळ नव्हे.

वजूच्या यंत्राची गोष्ट खासच. सुलतानाला वजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतलेलं आवडत नसे. काहीतरी करा, असं त्याने अल-जझरींना सांगितलं. त्यांनी हातात सुरई धरलेला पुतळा बनवला, जो पाणी ओततो आणि शेवटी आरसा नि टॉवेल पुढे करतो. दुसऱ्या एका यंत्रात मोर आहे. त्याच्या चोचीतून पाणी पडतं. खालच्या भांड्यात जमा होणारं पाणी आतला फ्लोट उचलतं, तसं एक दार उघडून छोटा सेवक साबणाची भुकटी घेऊन पुढे येतो. पाणी आणखी चढलं की दुसरा सेवक टॉवेल घेऊन येतो. बेसिनखालचं सांडपाणीच यंत्राला सांगतं, की आता पुढची पायरी. एक थेंब वाया नाही आणि वेगळी चावीही द्यायला नको.

फस्द म्हणजे शीर टोचून रक्त काढणं. हकीमांच्या इलाजात ते नेहमीचं होतं. किती रक्त गेलं हे कळलं नाही तर रोगी दगावायचा. अल-जझरींच्या भांड्यात रक्त पडत जाईल तसा वर बसलेला लेखनिक फिरतो आणि त्याची कलम आकडा दाखवते. हकीमाची नजर पेशंटवर राहते, पेशंटचं लक्ष बाहुलीकडे. घाबरलेल्या माणसाला बघायला काहीतरी देणं, ही यातली माणुसकी आहे.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडचे लेख बहुधा गाळतात. दुसऱ्या भागातली बरीच भांडी दरबारातल्या शराबच्या बैठकींसाठी केलेली आहेत, आणि अल-जझरी ते लपवत नाहीत. तलावात सोडायची वादकांची नावही अशाच मेजवानीतली. नावेत राजा, दरबारी आणि चार वाजवणाऱ्या बाहुल्या बसलेल्या. आत पाण्याच्या चाकाने फिरणारा दांडा, दांड्यावर खुंट्या. खुंटी फिरत फिरत बाहुलीच्या हाताला जोडलेल्या पट्टीवर दाबते आणि हात डफावर पडतो. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात रोबोटिक्स शिकवणारे नोएल शार्की यांनी यावर बोट ठेवलं. खुंट्यांच्या जागा बदलल्या तर ताल बदलेल, म्हणजे हे प्रोग्राम करता येणारं यंत्र झालं, असा त्यांचा मुद्दा. अल-जझरींनी तशा खुंट्या बदलून पाहिल्या असं पुस्तकात म्हटलेलं नाही, म्हणून आम्ही इथे थोडा हात आखडता घेतो. पण रचनेत ती सोय आहे, एवढं नक्की. दरबाराच्या शौकापायी का होईना, ते काम झालं आणि लिहूनही राहिलं.

रहाटापासून पंपापर्यंत

पाचवा भाग आकाराने लहान, पण इंजिनियर मंडळी सर्वात जास्त तिथेच रेंगाळतात.

बैल जोडून चालवायचा रहाट आपल्याकडे विहिरींवर होताच. अल-जझरींच्याही भागात होता. त्यांनी पाणी उपसायची पाच यंत्रं दिली आहेत. एका यंत्रात वर गाय गोल फिरताना दिसते. बघणाऱ्याला वाटतं, ती ओढतेय. ती लाकडाची आहे. खरं काम खालच्या कोठीत लपवलेलं पाण्याचं चाक करतं. ही थोडी गंमत. पण चौथ्या यंत्रात त्यांनी क्रँक वापरला. गोल फिरणाऱ्या चाकाच्या हालचालीतून वर-खाली होणारी हालचाल काढायची. हाताने फिरवायच्या जात्यासारखे क्रँक आधी होते. पण यंत्राचा एक भाग म्हणून क्रँक बसवल्याचं हे फार जुनं, बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वात जुनं लिखित वर्णन आहे.

पाचवं यंत्र म्हणजे जोडपंप. नदीचं पाणी चाक फिरवतं, चाक गिअर फिरवतं, गिअरवर मध्यापासून बाजूला बसवलेली खुंटी एका दांड्याच्या खाचेत फिरते आणि दांडा इकडून तिकडे झुलतो. दांड्याच्या दोन बाजूंना दोन तांब्याचे सिलिंडर, आत पिस्टन. एक पिस्टन पाणी खेचतो तेव्हा दुसरा ढकलतो. मग परत उलट. पाणी मागे जाऊ नये म्हणून झडपा. दोन्हीकडचं पाणी एकाच नळातून वर चढतं. बाइकचं इंजिन उघडून बसलेल्या कुणाही गॅरेजवाल्या पोराला हे चित्र दाखवा, तो यातले भाग बोटाने दाखवेल. फक्त इंजिनात पिस्टन क्रँक फिरवतो, इथे चाक पिस्टन हलवतं.

आणि ते बनवायचं कसं, हेही लिहिलेलं आहे. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्यांचे थर एकमेकांवर कसे चिकटवायचे. जड चाक आधी मोकळं फिरवून त्याचा तोल कसा बघायचा. कठीण रचना आधी कागदाची करून कशी तपासायची. झडप आणि तिची बैठक एमरीची भुकटी लावून एकमेकांवर कशी घासायची, म्हणजे पाणी गळणार नाही. व्हॉल्व्ह घासायची ही रीत आजही चालते, कुठल्याही मेकॅनिकला विचारा. पितळ ओतायचं तर ओल्या वाळूचा बंद साचा कसा करायचा. आमिदच्या राजवाड्याचा दरवाजा असाच ओतला गेला, चांदण्यांच्या नक्षीत एकेक तुकडा बसवत. हे आपल्या हातचं सर्वात नामी काम, असं अल-जझरींना वाटे, आणि त्याचं वर्णन लिहिताना त्यांचा हात सैल सुटलाय.

आपल्या समाजात मिस्त्री, वेल्डर, यंत्रमागावरचे जॉबर, लोहार, कल्हईवाले यांची कमी नाही. मालेगाव-भिवंडीत तर गल्लीगल्लीत. पण त्यांच्या हातात जे आहे ते बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच जातं. उस्ताद शागिर्दाला तोंडाने शिकवतो, थोडं सांगतो, थोडं राखून ठेवतो. अल-जझरींनी काहीच राखून ठेवलं नाही. प्रत्येक यंत्राचं चित्र, चित्रातल्या प्रत्येक भागाला एक अक्षर आणि मजकुरात त्या अक्षराचा खुलासा. लांबी किती, जाडी किती, वजन किती, आधी काय बसवायचं, मग काय. दरबारी कारागिराने आपली रोजीरोटीच अशी उघड्यावर मांडणं सोपं नसतं.

पुस्तकाचं पुढे काय झालं

पुस्तक पुरं झालं त्याच सुमारास अल-जझरी वारले असावेत, असं अभ्यासक मानतात. सर्वात जुनी प्रत १२०६ मधलीच आहे आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात आहे. त्यानंतर कित्येक शतकं प्रती होत राहिल्या. अरबीतून, पुढे फारसी-तुर्कीतूनही.

पण प्रती करणाऱ्यांना हळूहळू यंत्रापेक्षा चित्र प्यारं झालं. हत्ती, मोर, रंगीत अंगरखे, सोनेरी कडा. मग एक काळ असा आला, की कारागिरांऐवजी संग्राहक ही पुस्तकं शोधू लागले. १३१५ मध्ये केलेल्या एका सुंदर प्रतीची पानं सुटी करून विकली गेली. त्यातलं हत्ती-घड्याळाचं पान आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, बाकीची वेगवेगळ्या संग्रहांत. चित्रावरची अक्षरं अजून जागच्या जागी आहेत. ती ज्या मजकुराकडे बोट दाखवतात तो मात्र सोबत नाही. एवढ्या निगुतीने इल्म आणि अमल बांधून ठेवणाऱ्या माणसाच्या पुस्तकाचं हे व्हावं, याची हळहळ वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत विडेमान आणि हाउसर यांनी त्यातल्या यंत्रांचा अभ्यास केला. मग डोनाल्ड हिल हे इंग्रज गृहस्थ आले. ते पेशाने इंजिनियर होते. त्यांनी अरबी शिकून, उपलब्ध प्रती एकमेकींशी ताडून, पुऱ्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९७४ मध्ये छापलं गेलं. १९७९ मध्ये सीरियातल्या हलब इथे अहमद यूसुफ अल-हसन यांनी मूळ अरबी मजकूर शुद्ध करून प्रसिद्ध केला.

हिल यांचं भाषांतर आल्यावर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, लंडनमध्ये इस्लामी जगाच्या संस्कृतीवर मोठा महोत्सव भरला. तिथल्या सायन्स म्युझियमने ठरवलं, की अल-जझरींचं महालाचं घड्याळ बनवून पाहायचं, चित्रापुरतं नाही, चालणारं. कारागिरांनी पुस्तक समोर ठेवलं. टाकी केली, फ्लोट टाकला, दोऱ्या ओवल्या, भोकाच्या तबकडीवर खुणा केल्या आणि पाणी सोडलं. पहिलं दार उघडलं, ससाण्याच्या चोचीतून गोळी सुटली आणि खालच्या भांड्यात वाजली.